‘कॅप’चा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) पर्याय-अर्ज: कॉलेजांचा क्रम कसा लावावा?

प्रश्न : मुलीला एमएचटी-सीईटीत ९२ पर्सेंटाइल आहेत. अभियांत्रिकीसाठी कॉलेजांची यादी कशी करावी?

उत्तर : गेल्या वर्षीचा कटऑफ पाहताना पर्सेंटाइलसोबत गुणवत्ता क्रमांकही पाहा, आणि तोही कटऑफच्या तक्त्यात आपल्याच जागा-प्रकाराच्या रकान्यात. मुलींच्या जागांचा कोड ‘एल’ने सुरू होतो, गृह विद्यापीठाच्या (जिथून बारावी केली त्या विद्यापीठ क्षेत्राच्या) जागांचा ‘एच’ने संपतो. दुसऱ्याच रकान्यावरून बांधलेला अंदाज फसतो. क्रम मात्र आवडीनेच लावा. वरचं कॉलेज हुकलं म्हणून खालची संधी जात नाही. २०२५ मध्ये पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला पर्याय मिळाला की जागा गोठत होती, म्हणजे आपोआप पक्की होत होती, आणि त्या विद्यार्थ्यासाठी पुढच्या फेऱ्या बंद होत होत्या. म्हणून नकोसं कॉलेज वर टाकूच नका. तळाला कटऑफ ८५च्या खालचा आणि फी परवडणारी अशी चार-पाच कॉलेजं हवीतच.