पुण्याहून लंडन : प्रवासाचा वेळ कसा मोजावा

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. ते भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, म्हणजे जवळचा मार्ग उत्तरेकडे किती झुकतो हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटरच्या आसपास असला, तरी उड्डाण, उतरण आणि बंद हवाई हद्दींना घातलेला वळसा यांमुळे नुसत्या भागाकाराने येणारे आठ तास पुरत नाहीत. शिवाय उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो.

नवख्यांची खरी गफलत तिकिटावरच्या वेळांत होते. हिवाळ्यात रात्री 2 वाजता निघून सकाळी 7 ला पोहोचणारे विमान पाच नव्हे, साडेदहा तास उडते, कारण लंडनचे घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो.

पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंतचे चार-पाच तास आणि तिथले तीन तासही हिशेबात आवर्जून धरा. पावसाळ्यात घाटात वाहने खोळंबतात, म्हणून मी तेव्हा आणखी दोन तास आधी निघते.