'हॉल ऑफ फेम'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे. पुण्यातल्या काही जुन्या श्रोत्यांनी आकाशवाणीवरच्या आपल्या भागातल्या आवाजांसाठी 'हॉल ऑफ फेम' उभारायचे ठरवले आहे. एका सभागृहाच्या भिंतीवर छायाचित्रे, खाली पाट्या, आणि जमले तर बटण दाबल्यावर त्या त्या माणसाचा आवाज ऐकू येईल अशी सोय. निमंत्रणपत्रिकेवर 'कीर्तिमान दालन' छापावे की 'कीर्तिमंदिर', आणि पाटीवर 'निवेदक' लिहावे, 'उद्घोषक' की 'आरजे', असे त्यांनी विचारले आहे.

'कीर्तिमान दालन' आधी खोडा. हा 'कीर्तिमान' सध्या जिकडेतिकडे कानावर आदळतो. अमुक फलंदाजाने कीर्तिमान रचला, तमुक चित्रपटाने कीर्तिमान मोडला. हिंदीत 'कीर्ति' आणि 'मान' (म्हणजे माप) असा समास करून 'रेकॉर्ड' या अर्थी तो शब्द घडवला आहे आणि हिंदीत तो शोभतो. मराठीत त्यासाठी 'विक्रम' हा रुळलेला शब्द असताना ही उसनवारी कशाला? शिवाय मराठीत 'कीर्तिमान' आधीपासून आहे आणि तो विशेषण आहे. श्रीमान, बुद्धिमान, तसा कीर्तिमान: ज्याच्यापाशी कीर्ती आहे तो. म्हणजे 'कीर्तिमान दालन' याचा मराठीत अर्थ एवढाच की दालन प्रसिद्ध आहे. आतल्या माणसांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

'कीर्तिमंदिर' व्याकरणाने निर्दोष आहे, पण मराठी माणसाला ते नाव ऐकून आठवते बडोदे. तिथले कीर्तिमंदिर सयाजीराव गायकवाडांनी राजघराण्यातल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ बांधले, आणि आतली भित्तिचित्रे नंदलाल बोस यांनी रंगवली. वास्तू देखणी आहे, पण ते स्मृतिस्थळ आहे. तुमच्या यादीतले काही जण हयात असणार. त्यांना कीर्तिमंदिरात बसवू नका.

'हॉल' या शब्दावर फार वेळ घालवायचे कारण नाही. तो आणि आपली 'शाला' हे एकाच मुळाचे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मूळ अर्थ आच्छादलेली जागा. गंमत अशी की अमेरिकेत ज्या वास्तूमुळे हे नाव सर्वतोमुखी झाले, ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली १९०० साली स्थापन झालेली वास्तू बंदिस्त खोली नाहीच. ती आहे ६३० फूट लांबीची, खांबांच्या ओळींची उघडी पडवी, आणि त्या पडवीत थोरांचे अर्धपुतळे. 'दालन' हा फारसीतून आलेला शब्द, 'दालान'. फारसीत त्याचा अर्थ आच्छादित वाट, देवडी. उत्तरेत आजही खांबांच्या ओसरीला दालान म्हणतात. तेव्हा 'दालन' घेताना संकोच नको. या एका बाबतीत तो शब्द मूळ वास्तूच्या 'हॉल'पेक्षाही जवळ आहे.

खरा ऐवज 'फेम'मध्ये आहे.

'फेम' म्हणजे प्रसिद्धी, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण लॅटिन 'फामा'चा पहिला अर्थ प्रसिद्धी नाही. पहिला अर्थ आहे बोलणे, बोलवा, लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट. ओव्हिड या रोमन कवीने या फामाचे घर रंगवले आहे. ते उंच शिखरावर आहे. त्याला असंख्य वाटा आणि हजार झरोके आहेत आणि एकालाही दार नाही. रात्रंदिवस ते उघडे असते. सगळे घर नाद करणाऱ्या काशाचे, त्यामुळे जे कानावर येईल ते घुमते आणि पुन्हा बाहेर जाते. आत कुठेही शांतता नाही. शिखरावर उभे, चोवीस तास उघडे, ऐकलेले पुन्हा उच्चारून चहूकडे पाठवणारे घर! ज्याने कधी टेकडीवरचा प्रक्षेपणाचा मनोरा पाहिला आहे त्याला मी आणखी काय सांगावे? पहिला 'हॉल ऑफ फेम' पुतळ्यांचा नव्हताच, आवाजांचा होता. नभोवाणीच्या माणसांनी हे नाव घेतले तर ते क्रिकेटपटू आणि उद्योगपतींपेक्षा त्यांचाच हक्क जास्त.

या फामाचा धातू पुढे बघा. बोलणे या अर्थाचे जे मूळ लॅटिनमध्ये 'फामा' झाले, तेच संस्कृतात वेदातल्या 'भन्'मध्ये आणि नंतरच्या 'भण्'मध्ये दिसते. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, भण् हा 'शब्द करणे' या अर्थाच्या धातूंच्या रांगेत बसला आहे. 'भणति'चे प्राकृतात 'भणइ' झाले, आणि त्याचे मराठीत काय झाले? 'म्हणे'. तुका म्हणे, नामा म्हणे, लोक म्हणतात. 'फेम' आणि 'म्हणणे' ही एका घरातली भावंडे आहेत!

यावर 'म्हणणे' हे 'मन'वरून आले, मनात येते ते माणूस म्हणतो, असे काही जण ठासून सांगतात आणि ते छापूनही येते. त्यांना एकच विचारावे: मग 'म्ह'मधला 'ह' कुठून आला? मन् धातूत हकार नाही, तो हवेतून उगवत नाही. भण् मध्ये तो आहे. भ म्हणजे हकारयुक्त ब. पुढच्या ण च्या ओढीने ब चा म झाला आणि ह जागच्या जागी राहिला, म्हणून 'म्ह'. 'मन'वरून मराठीला मिळाले ते 'मानणे', आणि त्यात ह नाही. इतका सरळ पुरावा समोर असताना मनाचे श्लोक म्हणत बसण्यात अर्थ नाही.

याच भण् पासून संस्कृत नाट्यशास्त्रातला 'भाण' आला. भाण म्हणजे एकाच नटाचे नाटक. रंगभूमीवर दुसरे कोणी नसते. नट वर किंवा बाजूला बघून कोणाला तरी हाक मारतो, मग जणू उत्तर ऐकल्यासारखा थांबतो, 'काय म्हणतोस?' असे विचारून ते उत्तर स्वतःच बोलून दाखवतो आणि त्यावर आपले म्हणणे मांडतो. या तंत्राचे शास्त्रातले नाव आहे 'आकाशभाषित'. आता 'आपली आवड' हा श्रोत्यांच्या पसंतीच्या गाण्यांचा कार्यक्रम आठवा. बंद खोलीत एक माणूस, समोर मायक्रोफोन आणि पत्रांचा गठ्ठा. अमुक गावाहून हे लिहितात, त्यांच्यासोबत बंडू, बेबी, आई, आजी आणि समस्त परिवार, त्यांना ऐकायचे आहे हे गाणे. न दिसणाऱ्या माणसाचे बोलणे आपल्या तोंडाने वदवून त्याला उत्तर द्यायचे. हे निखळ आकाशभाषित आहे. निवेदकाची कला पाश्चात्त्य यंत्राबरोबर इथे आली असे समजणाऱ्यांनी भाण वाचावेत. यंत्र नवे होते, एकट्याने अदृश्य माणसाशी बोलण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

आकाशाचा विषय निघालाच आहे तर 'आकाशवाणी' हे नाव रवींद्रनाथांनी दिले, ही समजूतही एकदाची थांबवावी. भाषणांत, विशेषांकांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तीच ओळ फिरते आहे. रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राच्या लघुलहरी प्रक्षेपणासाठी कविता लिहिली ती १९३८ सालची. त्याआधीच, १९३५ मध्ये, म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरात प्रक्षेपण केंद्र सुरू केले होते, आणि ते 'आकाशवाणी' म्हणून ओळखले गेले. सरकारी नभोवाणीने ते नाव पुढे स्वीकारले. एका प्राध्यापकाने घरातून चालवलेले केंद्र, याहून 'स्थानिक' आणखी काय असते? तुमच्या दालनात बाहेरच्या कोणा एकाला मानाची जागा द्यायची असेल तर ती या गोपालस्वामींना द्या.

आता 'कीर्ती'. पाणिनीय धातुपाठात मूळ धातूचा अर्थ दिला आहे 'संशब्दन', मोठ्याने उच्चारणे. म्हणजे आपल्याकडेही प्रसिद्धी ही बोलण्यातूनच निघाली. ज्याचे नाव उच्चारले जाते त्याची कीर्ती, आणि जो उच्चार करतो त्याचे कीर्तन. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत 'कीर्ति' आणि 'कीर्तन' हे शब्द वास्तूसाठीही येतात: ज्या बांधकामामुळे बांधणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते ते बांधकाम, देऊळ, तळे. बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूट कर्कराजाचा ताम्रपट इ.स. ८१२च्या सुमाराचा आहे. त्यात कृष्णराजाने एलापूरला, म्हणजे वेरूळला, करवलेल्या शिवालयाचे वर्णन आहे. घडवणारा शिल्पीच ते पाहून थक्क झाला, हे आपण कसे केले ते त्यालाच कळेना, असे त्यात म्हटले आहे. आणि त्या शिवालयाला शब्द वापरला आहे 'कीर्तन'. ते कैलास लेणे होय, हे रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिले. बाराशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात 'हॉल ऑफ फेम'ला एकच शब्द पुरत होता, आणि तो शब्द उच्चार व वास्तू या दोहोंना लागू होता!

तरी मी तुम्हाला 'कीर्तन' सुचवणार नाही. आज तो शब्द हरिकीर्तनाचा आहे आणि तिथेच तो शोभतो.

कीर्ती ही बोलणाऱ्याच्या बाजूची झाली. ऐकणाऱ्याच्या बाजूचा शब्द वेगळा आहे, आणि नभोवाणीला तोच हवा. वेदांत प्रसिद्धीला 'श्रवस्' म्हणतात: जे ऐकले जाते ते. श्रवण, श्रोता, श्रुती हे सगळे त्याच श्रु धातूचे. ग्रीकांचा 'क्लेओस', रशियनांचा 'स्लावा' हे प्रसिद्धीचे शब्द याच मुळाचे, आणि इंग्रजीतला 'लाउड'सुद्धा. या धातूचा एक सुरेख शब्द मराठीत आहे आणि तो आपण 'जगविश्रुत' एवढ्या एका जोडशब्दात अडकवून ठेवला आहे. तो म्हणजे 'विश्रुत'. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे. विश्रुत म्हणजे ज्याला सर्वदूर ऐकले आहे. प्रसिद्ध हा त्याचा कोशातला अर्थ, पण रेडिओवरच्या माणसाला तो अक्षरशः लागू पडतो. दुसऱ्या कोणत्या क्षेत्रातल्या माणसाला इतका बिनचूक शब्द मिळालेला नाही.

म्हणून 'विश्रुत दालन' म्हणा. त्यात आणखी एक सोय आहे. 'हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला' असे लांबलचक वाक्य लिहिण्याची गरज उरत नाही. 'यंदाचे विश्रुत' म्हटले की झाले. मान्यवर, दिग्गज, आवाजाचे जादूगार असल्या झिजलेल्या शब्दांपासूनही सुटका. 'कठीण आहे, लोकांना कळणार नाही' हा आक्षेप येईलच. 'आकाशवाणी' तरी १९३५ साली कोणाला सोपा वाटला असेल? लोकांनी रोज ऐकला म्हणून तो सोपा झाला.

राहिला पाटीचा प्रश्न. आकाशवाणीवर ज्यांनी कार्यक्रम सादर केले त्यांना 'निवेदक' लिहा. निवेदन म्हणजे जाणवून देणे, आणि ते काम त्यांनी केले. 'उद्घोषक' हा हिंदी केंद्रांवर रूढ आहे. मराठीत घोषणा करणारा आणि निवेदन करणारा यांत फरक आहे, आणि तो पुसू नये. खासगी एफएमवरच्या मंडळींनी स्वतःला 'आरजे' म्हणवून घेतले, तर त्यांना आरजेच लिहा. त्या शब्दाचे भाषांतर करून त्यांची ओळख पुसणे बरोबर नाही. बातम्या देणाऱ्यांना मात्र 'वृत्तनिवेदक'. पुणे केंद्रावरून बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचे नाव घेताना 'न्यूज रीडर' लिहिले तर तो मला अपमानच वाटेल.

आणि जे लेखक होते पण केंद्रात नोकरीला होते, त्यांना 'लेखक' म्हणून बसवू नका. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर शेतकऱ्यांसाठीच्या ग्रामीण कार्यक्रमांचे काम वर्षानुवर्षे बघत होते. तुमच्या दालनात त्यांची जागा त्या कामासाठी आहे. १९५३च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या या केंद्राला तेवढा हिशेब चुकता करता आला पाहिजे.

पाटीवर मोठ्या अक्षरांत काय यावे, हे कोणी विचारलेच नाही. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेतले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत घराघरांत ठाऊक होते. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर ही नावे त्यातल्या किती घरांना सांगता आली असती? ज्या नावाने माणूस ऐकला गेला त्या नावाने तो विश्रुत झाला. तेव्हा वर 'टेकाडे भावजी' आणि खाली लहान अक्षरांत 'प्रभाकर जोशी' असा क्रम ठेवा. 'भाऊजी' नको, 'भावजी'च लिहा.