जड पाणी, पेट स्कॅन आणि अकोटा येथील मूर्ती

बडोद्याजवळ फर्टिलायझरनगरला जड पाण्याचा कारखाना आहे. आम्ही छाणीकडे घर बघतोय, तर नातेवाईक म्हणतात, तिकडच्या मातीत किरणोत्सार असणार. काय करावं?

घराचे कागद नीट तपासा, जड पाण्याची धास्ती सोडा. जड पाणी मुळात किरणोत्सारी नाही. साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एकटा प्रोटॉन असतो, ड्युटेरियममध्ये त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन. ही जोडी आपणहून कधी फुटत नाही. साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पाणी म्हणजे जड पाणी. तुमच्या माठातल्या पाण्यातही साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतोच. बडोद्याच्या कारखान्यात १९७७ पासून हेच अणू वेचून काढले जात. शेजारच्या खत कारखान्यात अमोनियासाठी जो वायू तयार होतो, त्यातून. सगळा मामला रासायनिक, तिथे अणुभट्टी नाही. भीती बाळगायचीच तर ती प्रचंड दाबाखालच्या अमोनियाची आणि हायड्रोजनची, आणि ती कामगारांना चांगली ठाऊक असते.

हे पाणी दिसायला साधंच, पण सुमारे ११ टक्के जड. ते ३.८ अंशांनाच गोठतं, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तळाशी जातो.

किरणोत्सार येतो तो पुढे, जड पाणी वापरणाऱ्या काक्रापारसारख्या अणुभट्टीत. तिथे ड्युटेरियमने आणखी एक न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, होतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १२.३ वर्षं. त्याचे बीटा कण इतके दुबळे की कातडीही ओलांडत नाहीत. मात्र ट्रिटियम पाण्याच्याच रूपात पोटात गेला तर प्रश्न वेगळा, म्हणून भट्टीतल्या जड पाण्याची गळती डोळ्यांत तेल घालून पाहतात.

आईचा पेट स्कॅन झाला. ‘आज दिवसभर लहान मुलांना जवळ घेऊ नका’ असं तिथल्या ताईंनी बजावलं. त्याला चार दिवस झाले, तरी आई वेगळ्या ताटात जेवते, नातवाला हात लावू देत नाही. हे किती दिवस पाळायचं?

आजच त्यांना सगळ्यांबरोबर जेवायला बसवा! दिलेलं औषध म्हणजे ग्लुकोजसारखा रेणू, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेला. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. अकरा तासांत सहा अर्धायुष्यं उलटतात, म्हणजे चौसष्टावा भाग उरतो. शिवाय बराचसा लघवीवाटे निघून जातो, म्हणूनच भरपूर पाणी प्यायला सांगतात. चौथ्या दिवशी मोजण्यासारखं काही राहत नाही. ताटवाटीला तर पहिल्या दिवशीही दोष नव्हता.

तिथल्या बाकीच्या सूचनांमागेही कारण असतं. उपाशी पोटी बोलावतात आणि आधी बोटातून रक्त घेऊन साखर बघतात, कारण रक्तात साखर जास्त असली की पेशी हे औषध कमी उचलतात. इंजेक्शननंतर तासभर पडून राहायचं, बोलायचंही नाही. बोललात तर घशाचे स्नायू साखर ओढतात आणि चित्रात तिथेच उजेड दिसतो. डॉक्टर उगाच बुचकळ्यात पडतात. वेळेवर पोहोचायचा आग्रहही औषधासाठीच. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा करून ते त्याच दिवशी बनवलेलं असतं. तुम्ही दोन तास उशिरा आलात तर निम्म्याहून कमी उरलं.

अकोटा येथील जैन मूर्तींचं वय कार्बन पद्धतीने का काढत नाहीत?

कारण ही पद्धत एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंवरच चालते; ती त्यांतला किरणोत्सारी कार्बन-१४ मोजते. वातावरणातल्या नायट्रोजनवर वैश्विक किरणांमुळे निर्माण झालेले न्यूट्रॉन आदळून तो तयार होतो, अन्नातून देहात येतो आणि मरणानंतर भरपाई थांबते. मग ५,७३० वर्षांत निम्मा. विलर्ड लिबी यांना या पद्धतीसाठी १९६० चं नोबेल मिळालं. १९५१ मध्ये सापडलेल्या त्या मूर्ती काशाच्या, म्हणजे तांबं आणि कथील. त्यांत मोजायला कार्बनच कुठे आहे? ओतकामाचा कोळसा किंवा आतली माती चिकटून राहिली असेल तर गोष्ट निराळी. त्यांचा काळ लिपीवरून आणि शैलीवरून ठरवला गेला. बडोद्याच्या संग्रहालयात गेलात तर मूर्तींच्या पाठीवरची अक्षरं जरूर बघा.

केळी किरणोत्सारी असतात म्हणे. उपवासाला खावीत का?

खा. पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी अणू केळ्यात असतो, तसा बटाट्यातही, आणि तुमच्या अंगात तर कायमचाच. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला त्याचे चार हजारांच्या आसपास अणू फुटतात. जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात, त्यामुळे साठा वाढत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र केळ्याबद्दल डॉक्टरांना विचारा, पण ते पोटॅशियमसाठी.

मी बारावीत आहे. किरणोत्सार युरेनियमसारख्या जड मूलद्रव्यांचा गुण ना? मग कार्बन, फ्लोरिन यांचा कसा?

तो मूलद्रव्याचा नव्हे, त्या-त्या अणुकेंद्राचा गुण. हलक्या अणूंत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन साधारण सारखे असले तर केंद्र टिकतं. कार्बन-१४ मध्ये न्यूट्रॉन दोनने जास्त. त्यातला एक प्रोटॉन होतो, बीटा कण बाहेर पडतो आणि नायट्रोजन उरतो. कार्बन-११ मध्ये एक कमी, म्हणून तो उलट्या वाटेने बोरॉन होतो. अपवादही आहेत: बेरिलियम-८ मध्ये चार-चार असूनही तो क्षणार्धात दोन हेलियम केंद्रांत फुटतो.

माणसाने घडवलेला पहिला किरणोत्सारी समस्थानिकही (एकाच मूलद्रव्याचा, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेला अणू) हलक्यांतलाच. १९३४ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलियो-क्यूरी यांनी ॲल्युमिनियमवर अल्फा कण सोडून फॉस्फरस-३० मिळवला. त्याचं अर्धायुष्य अडीच मिनिटं, त्यामुळे ‘हा फॉस्फरसच’ हे रासायनिक चाचणीने दाखवायलाही त्यांच्या हातात मोजकीच मिनिटं होती.