तासाला ७३ डॉलर की २८?

प्रश्न: भाचा डेट्रॉइटजवळ राहतो. २००८ च्या मंदीत सगळीकडे छापून यायचं की तिथल्या कार कामगाराला तासाला ७३ डॉलर मिळतात, म्हणून कंपन्या बुडायला लागल्या. भाचा म्हणतो काहीतरीच काय मामा, २८ मिळायचे. मी स्वतः चाकणला नोकरी केलीय, पण एवढा फरक पडतोच कसा?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: भाचा बरोबर आहे, आणि ७३ हा आकडाही हवेतला नाही. जनरल मोटर्समधल्या जुन्या कामगाराचा रेट तासाला २८ डॉलरच्या आसपास होता. त्यात ओव्हरटाइम, भरपगारी सुट्ट्या, मेडिकल, पेन्शनची तरतूद असं सगळं धरलं की आकडा पन्नाशी ओलांडतो, इथपर्यंत आपल्या सीटीसीसारखंच (कंपनीला पडणारा एकूण खर्च). खरी गंमत पुढेच आहे. कंपनीचे रिटायर झालेले लोक कामावरच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त, त्यांच्या दवापाण्याचा आणि पेन्शनचा खर्चही याच हिशोबात टाकायचा आणि आज लाइनवर उभे असलेल्यांच्या तासांनी भागायचा, की झाले ७३. म्हणजे बघा, एक प्लांट बंद केला, हजारभर लोकांना घरी पाठवलं की उरलेल्यांचा 'तासाचा खर्च' आपोआप वाढतो, खिशात एक सेंटही जास्त न येता!

टोयोटाचा त्यांच्या अमेरिकेतल्या कारखान्यांचा आकडा तेव्हा ४८ च्या आसपास सांगायचे. पण केंटकीतला त्यांचा जॉर्जटाउनचा कारखाना सुरूच झाला १९८८ साली, तिथे रिटायर झालेले असणार तरी किती? प्रत्यक्ष पगारात फरक थोडाच होता.

बरं, गाडीच्या किमतीत मजुरी साधारण दहा टक्के धरतात. मग पगार दहा टक्के कापून गाडी स्वस्त होणार ती जेमतेम एक टक्का. नुसत्या पगारामुळे कंपन्या बुडाल्या हे म्हणूनच मला पटत नाही.

२००७ मध्ये कामगारांच्या युनियनशी झालेल्या करारात रिटायर्ड लोकांच्या मेडिकलचा बोजा वेगळ्या ट्रस्टकडे गेला आणि नव्या भरतीला जुन्याच्या निम्मा, १४ डॉलरच्या आसपास रेट लागला. एकाच लाइनवर दोघं शेजारी, काम तेच. ही खदखद बरीच वर्षं राहिली, कार कामगारांच्या २०२३ च्या संपातही वेगवेगळे रेट बंद करा ही मोठी मागणी होती, सहा आठवडे ताणल्यावर युनियनने २०२८ पर्यंतची २५ टक्के वाढ पदरात पाडून घेतली.