दर पंधरा दिवसांचा हिशेब केसांना मान्य नाही

ताई, मी २६ वर्षांची, पुण्यात राहते. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी पोहायला जाते, म्हणून पार्लरमध्ये बिकिनी वॅक्सचं पॅकेज घेतलं. तीन महिन्यांत सहा सीटिंग. दर पंधरा दिवसांनी केलं की केस विरळ होतात, असं तिथे सांगितलं होतं. चार सीटिंग झाल्या. विरळ तर सोडाच, आठवड्याभरात खुंट टोचायला लागतात, ते मी रेझरने काढते. आता जांघेत बारीक पुटकुळ्या आहेत, दोन ठिकाणी गाठीसारखं दुखतं आणि त्वचा काळवंडली आहे. एकदा पाळीच्या आदल्या दिवशी केलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. नेमकं किती दिवसांनी करायचं असतं? आईला विचारायची सोय नाही.
– काठावरची, पुणे

काठावरचे,

आकडा आधी सांगते, मग कारणं. पहिली तीन-चार वॅक्स चार-चार आठवड्यांनी, पुढे पाच ते सहा आठवड्यांनी. पंधरा दिवसांनी कधीच नाही. तुझ्या पार्लरने पंधरा दिवस कुठून आणले ते तूच लिहिलं आहेस: तीन महिने भागिले सहा सीटिंग. तो हिशेब पॅकेजचा आहे, केसांचा नाही.

केसांचा हिशेब असा. जांघेतला केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, कुणाचा थोडा कमी. वॅक्सने तो मुळासकट निघतो, त्यामुळे नव्या केसाला आधी आत तयार व्हावं लागतं आणि मग वर यायचं असतं. बाहेर दिसायलाच दोन-तीन आठवडे जातात. शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढीत असतात, काही विश्रांतीत, काही त्वचेच्या आत, बाहेर यायच्या बेतात. पहिल्या सीटिंगला जे आत होते ते पट्टीच्या हाती लागलेच नाहीत, आणि आठवड्याने तेच वर आले. तुला वाटलं, काढलेलेच परत आले. काही खुंट मात्र ओढताना मधेच तुटलेल्या केसांचे असणार. त्यांचं टोक बोथट असतं, म्हणून ते जास्त टोचतात.

पंधराव्या दिवशी तू पार्लरमध्ये गेलीस तेव्हा बरेच केस दोन-तीन मिलिमीटरचे असणार. एवढ्याशा केसावर वॅक्सची पकड बसत नाही, ती त्वचेवर बसते. पट्टी ओढली की केस तुटतो, वरची कातडी सोलवटते, मग ‘राहिलेत अजून’ म्हणून त्याच जागी दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. तुटलेला केस पुढे वाढताना सरळ बाहेर येण्याऐवजी वळून आत शिरतो, भोवती सूज येते. आपल्याकडे केसाच्या मुळाशी होणाऱ्या दुखऱ्या गळवाला केसतूड म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने नेमकं पाहिलं होतं. तुझ्या त्या दोन गाठी बहुधा त्याच जातीच्या आहेत.

आणि रेझर. खरं नुकसान तिथे झालं. चार आठवडे थांबण्याचा हेतूच हा की उशिरा आलेले केसही वॅक्स धरू शकेल इतके वाढावेत आणि एका बैठकीत जास्तीत जास्त केस निघावेत. मधे रेझर फिरवला की ते सगळे पुन्हा शून्यावर येतात. पुढच्या सीटिंगला ते आखूड राहतात, मग पुन्हा तुटतात. दोन वॅक्सच्या मधे रेझर नाही, हेअर रिमूव्हल क्रीम नाही, चिमट्याने उपटणं नाही. फार डोळ्यांत आलं तर ट्रिमर, तोही गार्ड लावून.

दिवस मोजण्यापेक्षा केस मोज. पाच-सहा मिलिमीटर म्हणजे आंबेमोहोराच्या दाण्याएवढा केस झाला की वॅक्सची वेळ झाली. लांब बासमतीच्या दाण्यालाही मागे टाकेल इतका वाढला असेल तर आधी ट्रिमरने कमी करून घ्यायचा, कारण लांब केस वॅक्समध्ये गुंततात आणि ओढताना आजूबाजूची त्वचा उचलली जाते. तुझ्यासारखं फक्त कॉश्च्यूमच्या कडेबाहेरचं काढायचं असेल तर पुढे सहा आठवडे आरामात निघतात. सगळंच काढणाऱ्यांना, म्हणजे पार्लरच्या भाषेत फुल बिकिनी किंवा ब्राझिलियन, चार-पाच आठवड्यांनी जावं लागतं.

आता पाळी. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीचे पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच जणींना तिथे स्पर्शही जास्त दुखतो, त्यामुळे डोळ्यांतून पाणी येण्यात तुझं काही चुकलं नाही. पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते बारावा दिवस त्यातल्या त्यात सोसवणारा. तुझं चक्र २८-३० दिवसांचं असेल तर सुरुवातीच्या सीटिंगसाठी हिशेब आपोआप जुळतो: दर पाळीनंतर एकदा, म्हणजेच चार आठवड्यांनी. त्यातला शुक्रवार निवड. सकाळी पोहून ये, घरी स्वच्छ आंघोळ कर, अंग पूर्ण कोरडं होऊ दे आणि संध्याकाळी वॅक्स. पुढचं पोहणं थेट सोमवारी, म्हणजे मधे दोन दिवसांहून जास्त मिळाले. नुकत्याच वॅक्स झालेल्या त्वचेत केसांची तोंडं उघडी असतात. क्लोरीनचं पाणी, घाम, ओला घट्ट कॉश्च्यूम यांना तिथे निदान ४८ तास प्रवेश नको.

पण हे सगळं पुढचं. आत्ता सहा आठवडे काहीच करू नकोस. पुटकुळ्या असलेल्या त्वचेवर वॅक्स लावणं म्हणजे फोडावर फोड. दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटं, कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ फडका त्या गाठींवर धर. पिळायचं नाही, सुईने कोरायचं नाही. वळलेला केस त्वचेच्या अगदी वर वेटोळ्यासारखा दिसत असेल तर निर्जंतुक चिमट्याच्या टोकाने त्याचं टोक फक्त बाहेर काढून ठेव, उपटू नकोस. उपटलास तर पुढचाही तसाच वळून येण्याची भीती. गाठ वाटाण्याहून मोठी झाली, पू दिसला, लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. तोवर पोहायला गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्यूम वापर. क्रीडासाहित्याच्या दुकानांत सहज मिळतो.

नंतर वॅक्सला जाशील तेव्हा काय पाहायचं? या जागेसाठी पट्टीचं पातळ, मधासारखं वॅक्स नको. मण्यांच्या रूपात येणारं, वितळवून लावायचं आणि कापड न लावता सालीसारखं निघणारं हार्ड वॅक्स माग. ते केसाभोवती आवळतं, त्वचेला कमी चिकटतं. थर जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा जाड, पट्टा दोन बोटं रुंद, एका कडेला धरायला जाडसर ओठ. फार थंड होऊ दिलं तर ते तडकतं आणि तुकड्यातुकड्याने निघतं. बोटाला चिकटत नाही पण वाकतं, ही त्याची योग्य वेळ. लावायचं केसाच्या दिशेने, ओढायचं उलट दिशेने. या भागात मात्र केसांची दिशा दर दोन इंचांवर बदलते. वर ओटीपोटाकडे एक, कडेला दुसरी. म्हणून मोठा पट्टा एका झटक्यात काढणारी बाई वेगवान असेल, चांगली नाही.

ओढताना त्वचा दुसऱ्या हाताने ताणलेली हवी आणि हात त्वचेला समांतर जायला हवा. छताकडे ओढलं की केस तुटतो आणि निळे डाग पडतात. ताणायला तू स्वतः मदत करू शकतेस, त्यात संकोच नको. एकाच जागी दोनदाच. त्यानंतरही राहिलेले दोन-चार केस चिमट्याने. आणि सगळ्यात आधी नजर टाकायची ती वॅक्स लावायच्या लाकडी पट्टीवर. एकदा तुझ्या त्वचेला लागलेली पट्टी पुन्हा वॅक्सच्या भांड्यात बुडवली तर उठून ये. त्या भांड्यातून तुझ्या आधी किती जणींचं वॅक्स निघालं असेल, याचा अंदाज तुझा तू कर. हातमोजे, कागदी चादर, दर वेळी नवी पट्टी हे मागायला लाजायचं कारण नाही. वॅक्स लावण्याआधी तुझ्या मनगटावर थेंब ठेवून पाहायला सांग. जांघेची त्वचा हातापेक्षा पातळ असते. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं गार पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट तर नाहीच.

घरी आल्यावर २४ तास गरम पाण्याने शेकत आंघोळ नको, व्यायाम नको, शरीरसंबंध नको, सुवासिक पावडर-लोशन नको. सैल सुती आतले कपडे आणि आग होत असेल तर थंड पाण्याचा फडका, एवढं पुरतं. चौथ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा मऊ ओल्या कापडाने हलक्या हाताने चोळ, म्हणजे मृत त्वचा केसाची वाट अडवणार नाही. बाहेरच्या कडेला दोन टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक ॲसिड असलेलं लोशन चालतं. नाजूक आतल्या भागाला ते कधीही लावू नकोस. अक्रोडाच्या भुकटीचे खरखरीत स्क्रब तर लांबच ठेव.

काळेपणाबद्दल दोन गोष्टी. जांघेची त्वचा मुळातच गडद असते, सगळ्याच जणींची, आणि ती चेहऱ्याच्या रंगाची होणार नाही. दुसरं म्हणजे, पुटकुळीनंतर राहिलेला डाग जखमा थांबल्या की काही महिन्यांत फिकट होत जातो. तुझ्या बाबतीत दर पंधरा दिवसांनी नवी जखम होत होती, मग डाग जाणार कधी? केमिस्टकडून ‘गोरेपणाचं’ किंवा ‘खाजेचं’ मलम विचारून आणू नकोस. त्यांतल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. जांघेत ते लावलं की त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल-जांभळ्या रेघा पडतात, आणि त्या रेघा पुसल्या जात नाहीत. अशा त्वचेवर वॅक्स ओढलं तर कातडी सोलून येते. पावसाळ्यात जांघेत गोल, कडा लाल असलेला, खाजणारा चट्टा आला तर ती बुरशी आहे असं धरून चाल आणि ती पूर्ण जाईपर्यंत वॅक्स बंद.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल चालू असतील, किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्स अजिबात नको. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तिथे पूर्वी नागीण किंवा हर्पीस झालेला असणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोल. केस नेहमीपेक्षा जाड होत असतील, मांड्यांवर किंवा बेंबीपर्यंत पसरत असतील आणि पाळीही लांबत असेल, तर वॅक्सच्या तारखा बदलून उपयोग नाही. पीसीओडीसाठी, म्हणजे हार्मोन बिघडल्याने होणाऱ्या अंडाशयांच्या त्रासासाठी, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी करून घे.

‘दर पंधरा दिवसांनी केलं की विरळ होतात’ याचं काय? नियमित आणि योग्य अंतराने केलं तर काही जणींचे केस वर्षा-दोन वर्षांत थोडे बारीक आणि मऊ वाटतात, काहींचे नाही. कायमचे कमी होतील असं वचन वॅक्स देऊ शकत नाही. ते हवं असेल तर लेझर आहे, पण त्याला मुळाशी केस लागतो. म्हणून लेझरच्या निदान चार आठवडे आधी वॅक्स थांबवावं लागतं, आणि तिथे, गंमत म्हणजे, रेझरच वापरायला सांगतात. आणि हेही सांगून ठेवते, कारण आईला विचारता आलं नाही तरी कुणीतरी सांगायला हवं: हे केस काढणं स्वच्छतेसाठी गरजेचं नाही. ते घर्षणापासून त्वचेचं रक्षणच करतात. तुला पोहताना मोकळं वाटतं म्हणून काढायचे, एवढं कारण पुरेसं आहे. नाही काढले तरी काही बिघडत नाही.

राहिल्या दोन सीटिंग. पार्लरमध्ये जाऊन मुदत वाढवून माग. त्वचा सोललेली दिसत असताना चांगली पार्लरवाली नाही म्हणणार नाही. मुदत वाढवून देणार नसतील तर त्या दोन सीटिंग पायांच्या किंवा काखेच्या वॅक्ससाठी वळवून घे. तेही जमलं नाही, तर दोन सीटिंगचे पैसे गेले असं समज. त्वचेच्या डॉक्टरांची एक फेरी त्याहून महाग पडू शकते.