मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातल्या माझ्या ६० कार्डांच्या डेकमध्ये २० लँड (माना, म्हणजे बाकी कार्डं खेळायला लागणारी शक्ती देणारी कार्डं) आहेत आणि सारखा दुसऱ्या लँडवर अडकतो. चार-पाच मानाची कार्डंही बरीच आहेत. लँड किती हवेत?

२४ ठेवा, इतकी महाग कार्डं असताना २० कमीच पडणार. गणित सरळ आहे: सुरुवातीच्या सात कार्डांत एकही लँड नसण्याची किंवा एकच असण्याची शक्यता २० लँडना जवळजवळ २५ टक्के असते, २४ लँडना १४ टक्के. पण चार लँड वाढवताना डेक ६४ चा करू नका, त्याने तुमचं सगळ्यात भारी कार्डही उशिरा येतं. त्याऐवजी आधी ज्यांची एकेकच प्रत ठेवली आहे ती कार्डं काढा, मग पाच मानाची. डेक दोन रंगांचा असेल तर पहिल्याच टर्नला लागणाऱ्या रंगाचे १४ तरी लँड हवेत. टॅप होऊन उतरणारे (म्हणजे उतरल्या टर्नला माना न देणारे) दुरंगी लँड मात्र चारच्या वर नेऊ नका, कारण ऐन दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला एक माना कमी पडतो.

आणि हात निवडतानाही जपा. पहिली खेळी तुमची असेल तर त्या टर्नला कार्ड ओढता येत नाही. अशा वेळी दोन लँड आणि बाकी पाचही कार्डं तीन मानाची किंवा त्याहून महाग, असा हात आला तर मलिगनच घ्या, म्हणजे हात परत पिसून नवा ओढा.

डेक एक-दोन मानाच्या कार्डांचा लाल अ‍ॅग्रो (सुरुवातीपासून झटपट हल्ला करणारा) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २० ते २२ पुरतात.