स्प्रिंगबँक, लाँगरो, हेझलबर्न: एका भट्टीच्या तीन व्हिस्की

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. या तिन्ही बाटल्यांवर भट्टी एकच कशी, आणि जाणकार स्प्रिंगबँकचं नाव इतक्या मायेनं का घेतात. माझी स्वतःची सगळ्यात लाडकी भट्टी हीच, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी गाव. स्कॉटलंडच्या पश्चिमेला किंटायर नावाचं लांबट द्वीपकल्प आहे, त्याच्या दक्षिण टोकाजवळ कॅम्पबेलटाऊन. ग्लासगोहून रस्त्यानं तीन-चार तास लागतात. 1880च्या दशकात या एवढ्याशा बंदरात 21 भट्ट्या चालू होत्या. 1930च्या दशकाच्या मध्यावर उरल्या दोन, स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया. अमेरिकेतली दारूबंदी, ब्लेंड करणाऱ्यांचा (म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की एकत्र मिसळून विकणाऱ्यांचा) ईशान्य स्कॉटलंडमधल्या स्पेसाइडच्या हलक्या चवीच्या व्हिस्कीकडे वळलेला ओढा, 1920च्या दशकात बंद पडलेली जवळची कोळसा खाण, ही सगळी कारणं खरीच. पण मला सर्वात मोठं वाटतं ते वेगळं. मागणी होती तेव्हा अनेकांनी घाईघाईनं निकृष्ट माल काढला आणि गावाचं नाव खराब केलं. ते परत मिळवायला पुढच्या पिढ्या खपल्या.

स्प्रिंगबँक 1828 सालची. आर्चिबाल्ड मिचेलची चोरटी भट्टी होती त्याच जागेवर ती उभी राहिली. सुरुवातीचे मालक रीड, मिचेलांचे सोयरे. ते अडचणीत आल्यावर 1837 साली जॉन आणि विल्यम मिचेल या भावांनी ती घेतली, आणि ती आजतागायत त्याच घराण्याच्या कंपनीकडे आहे. पुढे भावाभावांत बिनसलं. विल्यमनं बाहेर पडून 1872 साली ग्लेनगाइल बांधायला घेतली. तिची गोष्ट शेवटी सांगतो.

आता काम कसं चालतं ते. बार्लीला मोड आणण्यापासून बाटली भरेपर्यंत सगळं इथे एकाच आवारात होतं. बहुतेक भट्ट्या मोड आणून वाळवलेली बार्ली बाहेरून विकत घेतात. इथे लागते तेवढी सगळी भट्टीतल्याच फरशीवर पसरून तयार करतात. आपण मटकी भिजवून मोड आणतो तेच तत्त्व, फक्त इथे टनांचा हिशेब, आणि दाण्यांची गुंतवळ होऊ नये म्हणून माणसं फावड्यांनी ती सारखी उलटत राहतात. हे काम 1960 साली बंद झालं होतं. खर्चाचा विचार केला असता तर बंदच राहिलं असतं, पण 1992 मध्ये त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. माझा आदर मुख्यतः यासाठी आहे.

तीन चवींचं मूळ दोन ठिकाणी आहे: मोडाची बार्ली वाळवताना आणि पुढे गाळताना. स्प्रिंगबँकची बार्ली साधारण 6 तास पीटच्या धुरावर आणि मग 24 तास गरम हवेवर वाळवतात. (पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेला वनस्पतींचा थर, कापून वाळवून जाळण्यासाठी वापरतात.) लाँगरोची 48 तास धुरावर, हेझलबर्नची फक्त गरम हवेवर.

गाळण्याचं म्हणाल तर काजूच्या बोंडांचा रस एकदा गाळला की हुर्राक, तीच पुन्हा गाळली की फेणी, हे कोकण-गोव्याकडच्यांना सांगायला नको. लाँगरो अशी दोनदा गाळतात, हेझलबर्न तीनदा. स्प्रिंगबँक ‘अडीच वेळा’. अर्धी वेळ कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. पहिल्या धारेचा काही हिस्सा बाजूला ठेवतात, बाकीचा पुन्हा गाळतात आणि दोन्ही एकत्र करून शेवटचं गाळणं होतं. म्हणजे काही भाग दोनदा गाळलेला, काही तीनदा. पहिल्या तांब्याच्या भांड्याला खालून थेट जाळ असतो, म्हणून आत साखळ्या फिरवतात, खीर बुडाला लागू नये म्हणून आपण ढवळतो तशा. त्या जाळानं येणारा भरीवपणा जिभेवर कळतो.

लाँगरो आणि हेझलबर्न ही गावातल्या बंद पडलेल्या भट्ट्यांची नावं. जपानच्या निक्का या व्हिस्की कंपनीचे संस्थापक मासाताका ताकेत्सुरू 1920 साली त्या जुन्या हेझलबर्नमध्ये शिकले होते.

सुरुवात स्प्रिंगबँक 10 (म्हणजे पिपात 10 वर्षं मुरलेली) पासून करा. 46 टक्के अल्कोहोल, रंग मिसळलेला नाही, थंड करून गाळणीतून काढलेली नाही. आधी पेअर आणि व्हॅनिला, मग मिठाची झुळूक, तेलकटपणा आणि शेवटी हलका धूर. आधी नुसती प्या, मग चमचाभर पाणी. बर्फ नको, अर्धी चव मिटते. धूर आवडत असेल तर लाँगरो, नको असेल तर हेझलबर्न 10. वयाच्या आकड्यामागे धावू नका. 18 मला आवडते, पण 10 मधला खारा जिवंतपणा तिच्यात कमी वाटतो.

मुंबई-पुण्यात ही मिळणं अवघड, आणि मिळाली तरी दुकानदार सांगेल तो भाव. दुप्पट-तिप्पट देऊन घेऊ नका. त्याऐवजी किलकेरन 12 शोधा. विल्यमची ग्लेनगाइल 1925 साली बंद पडली होती. मिचेलांच्याच वंशातल्या हेडली राइट यांनी ती पुन्हा उभी केली आणि 2004 पासून तिथे धार लागली. ग्लेनगाइल या नावाचा हक्क दुसऱ्याकडे होता, म्हणून व्हिस्की किलकेरन नावानं येते. बार्ली स्प्रिंगबँकच्याच फरशीवर मोड आलेली, काम करणारी माणसंही तीच.